दोन बोटं पाणी

आमच्या घरी पिण्याचं पाणी उकळत नसे, आटत असे. माझ्या सासूबाई सकाळी मोठं पातेलं गॅसवर चढवायच्या, पाणी कुठवर आहे ते नजरेत धरून ठेवायच्या आणि ते दोन बोटं खाली गेल्याशिवाय गॅस बंद करायच्या नाहीत. त्या दोन बोटांमागे त्यांची एक मुलगी होती. ती पाण्यामुळे, म्हणजे आपल्याच चुकीने गेली, असं त्या उभा जन्म मानत आल्या होत्या. मला हे लग्नानंतर पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी त्या पातेल्याकडे फक्त सिलिंडरच्या बाजूने बघत होते.

आम्ही नायगावला राहतो, खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये. नवरा इथलाच, वसई तालुक्याच्या पूर्वेकडचा, चांदीपच्या बाजूच्या एका भातशेतीच्या गावातला. मी साताऱ्याकडची, नोकरीसाठी मुंबईत आले आणि लग्न करून इथे. सासरे गेल्यावर सासूबाई गावचं घर थोरल्या दिरांवर सोपवून आमच्याकडे आल्या, कारण आमची मुलगी तेव्हा रांगत होती आणि माझं ऑफिस सुटण्यासारखं नव्हतं. येताना त्यांनी तांदूळ आणले, सुकी मासळी आणली आणि पातेलं आणलं. आमच्याकडे पातेली आहेत असं मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

बिल्डिंगला नळाचं पाणी कमी आणि टँकरचं जास्त. म्हणून आम्ही फिल्टर बसवला होता. सासूबाई फिल्टरमधून आलेलं पाणीही उकळायच्या. आत यंत्र काय करतंय ते दिसत नाही, उकळलेलं मात्र डोळ्यांना दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःलाही ते यंत्र आत काय करतं ते सांगता आलं नसतं.

आता माझ्याविषयी. मी रिकाम्या खोलीतले दिवे बंद करत फिरणारी बाई आहे. आमच्या माहेरी भाजी चिरून, फोडणीचं सगळं हाताशी घेऊन मगच गॅस पेटवायचा, अशी शिस्त होती. जाळ पातेल्याच्या कडेने वर आला की मला तो माझ्याच अंगाला लागल्यासारखा होतो, कारण बाहेर जाणारा जाळ भांडं तापवत नाही, नुसतं स्वयंपाकघर तापवतो. पातेल्याच्या बुडाला टँकरच्या पाण्याचा पांढरा थर धरला की मी तो व्हिनेगर घालून खरवडते, थर जाड झाला की पाण्याला उशीर लागतो म्हणून. नवरा मला घरात कंजूष म्हणतो आणि बाहेर व्यवहारी म्हणतो. अशा बाईच्या डोळ्यांसमोर रोज सकाळी दोन बोटं पाणी वाफ होऊन खिडकीतून खाडीकडे जात होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी ते नीट बघितलं. पातेलं चढलं तेव्हा मी मेथीची जुडी निवडायला घेतली. जुडी संपेपर्यंत पाण्याला खळखळून उकळी आली. मग मी कांदे चिरले, कणीक मळली, डाळ धुऊन कुकरला लावली, मुलीच्या वेण्या घातल्या, तरी सासूबाई पातेल्यात डोकावून मान हलवतच होत्या. मी थक्क झाले. अख्खं पातेलं गारपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढा जाळ लागतो, त्याहून जास्त जाळ त्यातलं वरचं थोडंसं पाणी हवेत घालवायला लागतो. दिसायला वाफ म्हणजे काहीच नाही, फुंकर मारली की पांगते. आणि तीच सिलिंडर रिकामा करते. शाळेत हे कधीतरी शिकवलं असणार, पण स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहून बघितल्यावर मला ते जादूसारखं वाटलं. एवढा जाळ त्या थोड्याशा पाण्यात शिरून कुठे जातो, हा विचार मी कितीतरी वेळ करत राहिले.

थक्क झाले म्हणून गप्प बसेन, असा माझा स्वभाव नाही. मी त्या पातेल्याच्या मापाचं झाकण आणलं. झाकलं की पाण्याला उकळी लवकर येते, हे सासूबाईंना समजावलं, त्यांनी हो म्हटलं आणि मी निश्चिंत मनाने ऑफिसला गेले.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघर घामेजलेलं, भिंतींवरून पाणी ओघळतंय आणि सासूबाई चेहरा पाडून बसलेल्या. सकाळपासून त्यांनी पाणी झाकून उकळलं होतं आणि ते आटलंच नव्हतं. झाकण काढून बघावं तर पाणी जिथल्या तिथे. पुन्हा झाकायचं, पुन्हा बघायचं. शेवटी ह्या पाण्यात काहीतरी खोट आहे अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी ते सगळं मोरीत ओतून दिलं. दुसरं पाणी चढवलं, तेही आटेना. तेही ओतलं. तिसऱ्या खेपेला सिलिंडर संपला. गॅस वाचवायला आणलेल्या झाकणाने आमचा सिलिंडर वेळेआधीच खाल्ला होता. मी आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग चांगलीच तापले.

वाफ झाकणाला लागते, तिचं परत पाणी होतं आणि ते आतच पडतं, हे मी त्यांना झाकण उलटं करून, त्यावरचे थेंब दाखवून सांगितलं. त्यांनी थेंबांकडे बारकाईने पाहिलं. मग म्हणाल्या, "पानी परत येता म्हंजे त्याच्यातला वाईट पन परत येता."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं, पण बिनडोक नव्हतं. त्यांच्या मते वाईट ते वाफेबरोबर घराबाहेर जात होतं आणि मी त्याला झाकणाने अडवून धरलं होतं. झाकण माळ्यावर गेलं.

त्यानंतर मी विजेची किटली आणली. ती पाणी उकळलं की टक् करून आपोआप बंद होते. सासूबाईंनी ती दोनदा चालवून पाहिली आणि बाजूला सरकवली. त्या यंत्राला धीर नाही, असं त्यांनी मला सांगितलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ऑफिसातही सांगितलं, आणि किटली माझ्या चहाकडे लागली.

शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईशी तूच बोल. तो कधी नव्हे तो गंभीर झाला. आईच्या आणि पाण्याच्या मध्ये पडू नकोस, म्हणाला, आणि मग त्याने मला ती गोष्ट सांगितली. त्याला ती आत्याकडून कळली होती. आईच्या तोंडून त्याने ती एकदाही ऐकली नव्हती.

त्याच्या आणि दिरांच्या आधी घरात एक मुलगी झाली होती. चालायला, बोलायला लागलेली. भातलावणीच्या दिवसांत गावात तापाची साथ आली. आरोग्य केंद्रातली नर्स घरोघर येऊन सांगून गेली, पाणी दोन बोटं आटेपर्यंत उकळा आणि मगच पोरांना पाजा. सासूबाई तेव्हा विशीच्या आत-बाहेर असतील. त्या रोज तसं करत होत्या. एक दिवस लाकडं भिजलेली, शेणी संपलेल्या, चूल नुसती धुमसतेय आणि बायका लावणीला पुढे निघून गेलेल्या. पाण्याला उकळी आली तशी त्यांनी भांडं उतरवलं. दोन बोटं आटायची वाट बघितली नाही. ते पाणी निवल्यावर मुलगी प्याली. पुढे तिला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. मुलीला मसणात पोचवून माणसं परत आली तेव्हा घरातल्या थोरल्या बाईने, म्हणजे सासूबाईंच्या सासूने, सगळ्यांच्या देखत म्हटलं, कच्चं पाणी पाजलंस.

हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सासूबाई नेहमीसारख्या पातेल्यापाशी होत्या, एक हात ओट्यावर, नजर पाण्यात. आधी चुलीवर, मग स्टोव्हवर, मग गॅसवर, इतकी वर्षं ही बाई रोज त्या एका सकाळचं राहिलेलं पाणी आटवत होती. आणि त्या पाण्यावर दोन मुलगे वाढले होते, त्यातला एक माझ्या घरात आंघोळीला उशीर करत होता. मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला की त्यात थोडी भीतीही होती. देवळात जाऊन मला कधी असं झालेलं नाही. पाण्यावरून मी त्यांना त्यानंतर काही बोलले नाही. सिलिंडर लवकर संपतच राहिला, मी तोंड दाबून पुढचा नोंदवत राहिले.

मग आमची मुलगी आजारी पडली. शाळेच्या आनंदमेळ्यात तिने मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाल्ली होती, तीही भरपूर, आणि रात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. त्या दिवसांत मी घाबरले, पण मुलीमुळे नाही. मुलगी गळून गेली होती, तरी मोबाइल मागत होती. घाबरवलं ते सासूबाईंनी. त्यांनी पाणी तीन बोटं आटवायला सुरुवात केली. मग अर्धं. त्यांनी जेवण सोडलं. ओट्यासमोर स्टूल घेऊन त्या बसून राहिल्या आणि मुलीच्या खोलीत येईनात. येऊन जवळ बसा म्हटलं तर म्हणाल्या, नको, माझ्या हाताला गुण नाही. नवऱ्याने पाणीपुरीचं परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर आयुष्यच पोळलेलं होतं. मला स्पष्ट दिसत होतं की मुलगी चार दिवसांत बरी होईल, पण ही बाई काही या वेळेला यातून उठत नाही.

म्हणून मी दोघींनाही रिक्षात घातलं आणि वसईला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई पोक्त, बोलायला मोकळ्या. मुलीला तपासून त्यांनी मीठ-साखरेचं पाणी, पेज, केळं असं सगळं सांगितलं, पाणीपुरीवरून तिची थोडी फिरकी घेतली. मुलगी आजीच्या मांडीवर होती, कारण तिथे खुर्च्या दोनच होत्या आणि सासूबाईंना नाही म्हणता आलं नव्हतं. निघता निघता मी विचारलं, पाणी किती वेळ उकळायचं? खरं सांगते, प्रश्न विचारताना माझ्या डोक्यात सिलिंडरही होता. डॉक्टरांच्या तोंडून आलं तर घरात चालेल, असा माझा हिशेब.

त्या म्हणाल्या, "तळाशी बुडबुडे आले म्हणजे उकळलं असं नाही. सगळं पाणी खालीवर होऊन खळखळलं पाहिजे. तसं खळखळलं की झालं. हवं तर मनाच्या समाधानासाठी मिनिटभर ठेवा. त्यापुढचा गॅस फुकट." मग त्याच भांड्यात झाकून निवू द्या, हात किंवा पेला आत बुडवू नका, उकळण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे, असं त्यांनी सांगितलं.

सासूबाई दवाखान्यात सहसा बोलत नाहीत. त्यांनी खालमानेने विचारलं, "दोन बोटा आटला नाय तरी?"

"आजी, दोन बोटं काय, अर्धं बोटही आटायला नको. ते पूर्वी आम्हीच लोकांना सांगायचो. घरोघर घड्याळं कुठे होती? नीट उकळी येऊ द्यावी, घाईने उतरवू नये, एवढ्यासाठी ते बोटांचं माप."

परतताना रिक्षात मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. मी जिंकले होते. माझं म्हणणं डॉक्टरांनी शब्दन् शब्द खरं केलं होतं. पण शेजारी बघितलं आणि माझा सगळा आनंद ओसरला. त्या रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी पुन्हा पुन्हा तपासून पाहत असाव्यात तसा त्यांचा चेहरा झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी साडीही बदलली नाही. पातेलं घेतलं, पाणी भरलं, गॅस पेटवला आणि मला हाक मारली. "इथं उभी रा, बाय. खळखळला म्हंजे नक्की कवा, ता तू सांग."

मी उभी राहिले. दुपार होती, मुलगी आत झोपली होती, बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी ड्रिल चालू होतं ते थांबलं. इतकी वर्षं मी पाणी उकळत आले, पण उकळताना असं दुसऱ्या माणसाबरोबर कधी बघितलं नव्हतं. आधी तळाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटले आणि तिथेच बसून राहिले. मग पातेलं घुमायला लागलं. बुडबुडे सुटून वर यायचे आणि वाटेतच नाहीसे व्हायचे. मी म्हटलं, अजून नाही. कडेने फेस धरला. अजून नाही, आई. मग घुमणं एकाएकी थांबलं, पाणी क्षणभर जड झाल्यासारखं दिसलं आणि मध्यातून उसळून वर आलं. खालचं वर, वरचं खाली, सगळं पातेलं एकदम हललं. साधं पाणी होतं, पण त्या वेळी मला ते तसं वाटेना.

"आता," मी म्हटलं. "हे खळखळणं."

सासूबाई पुढे वाकल्या. वाफ तोंडावर येत होती तरी मागे झाल्या नाहीत.

"त्या दिशी असाच होता," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी वाकले.

"चूल पेटत नव्हती. मी फुंकून फुंकून पेटवली. पानी असाच मधून वर आला. मी बघितला, मंग उतरवला. आटला नव्हता. पन असाच होता."

या गोष्टीविषयी त्या माझ्याशीच काय, कुणाशीही पहिल्यांदा बोलत होत्या. डॉक्टरांचं उत्तर मी सिलिंडर वाचवायला विचारून आणलं होतं. मला जमेल तेवढ्या सरळ आवाजात मी म्हटलं, "मग ते पाणी कच्चं नव्हतं, आई."

"नव्हता?"

"नव्हतं. डॉक्टर काय म्हणाल्या? खळखळलं की झालं."

"मंग ती कशान गेली?"

ते मला माहीत नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. गावात साथ होती. ती शेताच्या बांधावर काही प्याली असेल, कुणाच्या घरी काही खाल्लं असेल. ताप त्याच्या आधीच अंगात आलाही असेल. एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते, की ती त्या भांड्यातल्या पाण्याने गेली नाही.

पाणी खळखळत होतं आणि या वेळी मला जाणाऱ्या गॅसची आठवणही झाली नाही. मग त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "सासू सगल्यांसमोर बोल्ली. मी तिला कायच बोल्ली नाय. मना वाटला, खराच हाय." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "मी कच्चा पानी नाय पाजला."

"नाही पाजलंत," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत.

त्यांनी हात पुढे करून गॅस बंद केला. पातेल्यातलं पाणी जवळपास होतं तिथेच होतं. पाणी हळूहळू शांत झालं. झाकण माळ्यावर होतं, म्हणून त्यांनी त्यावर परात ठेवली आणि पाणी निवेपर्यंत स्टूलवर बसून राहिल्या. मी चहा देऊ का विचारलं, त्यांनी मानेने नको म्हटलं. बऱ्याच वेळाने परात काढून त्यांनी स्वच्छ पळीने पेलाभर पाणी घेतलं आणि आधी स्वतः प्यायल्या, अगदी सावकाश, तळापर्यंत. मग दुसरा पेला भरला, बाहेरून पदराने पुसला आणि मुलीच्या खोलीत जाऊन तिला उठवलं.